सहा-तीन म्हणा, त्रेसष्ट नको

आधीच सांगून टाकतो, हे मी लिहिलेलं नाही. फोनला बोलून दाखवलंय आणि फोनने टाइप केलंय. शेवटी बायकोने एकदा वाचून ऱ्हस्व-दीर्घ नीट केले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिला ते दिसतात. मला कधीच दिसले नाहीत, आणि त्याला डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अडचण) म्हणतात हे कळायला वयाची ३९ वर्षं जावी लागली.

निदानासाठी आणि मग कामावर सोय मिळवण्यासाठी मी ज्या फेऱ्या मारल्या त्या क्रमाने सांगतो. माझ्यासारखा कुणी मशीनवरून टेबलावर आला असेल आणि टेबलावर अडकला असेल, तर त्याच्या दोन फेऱ्या तरी वाचतील.

चाकणला एका कारखान्यात आहे मी. गाड्यांना लागणारे शाफ्ट आम्ही बनवतो. आयटीआयला टर्नर केलं, अप्रेंटिस म्हणून लागलो, पुढे सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) ऑपरेटर, मग मशीन जुळवून देणारा सेटर. ड्रॉइंग हातात आलं की जॉब डोळ्यांपुढे फिरायला लागतो, त्यात कधी अडचण आली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिफ्ट सुपरवायझर केलं. पगार साडेचार हजारांनी वाढला आणि हातातलं मापाचं व्हर्निअर जाऊन रजिस्टर आलं. शिफ्टचा रिपोर्ट, रिजेक्शनची कारणं, लॉटसोबत फिरणारं रूट कार्ड, मेलला उत्तरं. दुसऱ्याला दहा मिनिटं लागतात त्या रिपोर्टला मला पाऊण तास लागायचा, तोही घरी जाऊन. रजिस्टर पिशवीत घालून घरी नेणारा मी बहुधा चाकणमधला एकटाच सुपरवायझर असेन.

तोवर मी धकवत आलो होतो. कुणी कागद पुढे केला की "चष्मा विसरलो, तूच वाच" म्हणायचं. मला चष्मा लागत नाही. पण विसरलेल्या चष्म्यावर मी १५ वर्षं काढली.

१४ जून २०२३, दुसरी शिफ्ट. स्टोअरमधून बार आले. स्टीलच्या प्रत्येक ओतीला एक हीट नंबर असतो. पुढे कधी शाफ्ट तुटला तर तो कुठल्या स्टीलचा होता हे त्या नंबरावरून शोधतात. स्टोअरच्या मुलाने ओरडून सांगितलं, "त्रेसष्ट अठरा!" मी रूट कार्डावर लिहिलं ३६१८. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी कानावर पडतो आणि साठ मागून येतो. कानावर पडेल त्याच क्रमाने माझा हात लिहितो. त्यात देवनागरीतला ३ आणि ६ म्हणजे एकमेकांची आरशातली रूपं. आमच्याकडे इंग्रजी आकडे लिहितात, पण डोक्यात अजून दुसरीतली पाटीच आहे.

३६१८ नावाची हीट खरोखरच होती, वेगळ्या ग्रेडची. सकाळी क्वालिटीने १,२४० शाफ्टचा लॉट होल्डवर टाकला. सगळे नग बाजूला काढून पुन्हा तपासले, दोन दिवस गेले, ग्राहकाला कळवावं लागलं. मला मेमो मिळाला: ४८ तासांत लेखी खुलासा द्या.

लिहिण्यात चूक झाली म्हणून लेखी खुलासा. तो बायकोने लिहून दिला, मी खाली सही केली. व्हाय-व्हायच्या, म्हणजे 'का? का?' विचारत मूळ कारण शोधायच्या फॉर्मवर शेवटच्या रकान्यात कारण आलं "सुपरवायझरचे दुर्लक्ष" आणि उपाय आला "प्रशिक्षण". अर्धा दिवसाचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर स्लाइड होत्या आणि त्या वाचायच्या होत्या.

ऑगस्टमध्ये बायकोच्या शाळेत विशेष शिक्षिका आल्या होत्या. शाळेच्या भिंतीवर दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांचा तक्ता असतो, बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २०१६ च्या कायद्यात हे २१ प्रकार आले, १९९५ च्या कायद्यात सातच होते. त्यातल्या 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या ओळीवर बोट ठेवून त्या शिक्षकांना समजावत होत्या: मूल हुशार असतं, बोलतं छान, पण वाचताना अडखळतं, वेलांट्या हुकतात, आकडे उलटे लिहितं. डिस्लेक्सिया म्हणतात तो यातलाच. बायको घरी आली आणि म्हणाली, "अहो, त्या बाई तासभर तुमच्याबद्दलच बोलत होत्या."

मला राग आला. दिव्यांग म्हणजे काय, माझे हातपाय धड आहेत. दोन आठवडे मी तो विषय काढू दिला नाही. मग एका रात्री रजिस्टर घेऊन बसलो असताना मीच विचारलं, त्या बाईंचा नंबर आहे का.

त्यांनी पुण्यातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमचं नाव दिलं. फोनवर मी दोन गोष्टी विचारल्या त्या तुम्हीही विचारा: मोठ्या माणसाची तपासणी करता का, आणि मराठीत करता का. याआधीच्या दोन ठिकाणी पहिल्याच प्रश्नाला "आम्ही मुलांचंच करतो" असं उत्तर मिळालं होतं. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजी उतारा देऊन तपासलं असतं तर मला डिस्लेक्सिया आहे की नुसतं इंग्रजी कच्चं आहे हे कुणाला कळलं असतं?

सप्टेंबर-ऑक्टोबर मिळून तीन बैठका झाल्या, एकूण ७,५०० रुपये. जाताना जुनी गुणपत्रकं न्या, असल्या तर वह्याही. आईने गावाकडे ट्रंकेत माझी पाचवीची शुद्धलेखनाची वही ठेवली होती. तिच्यात एकेका ओळीत चार-चार लाल गोल. अडचण लहानपणापासून आहे हे दाखवायला ती वही उपयोगी पडली.

पहिल्या बैठकीत बुद्ध्यांकाची चाचणी. लाल-पांढरे ठोकळे जुळवून चित्रासारखा आकार करायचा, घड्याळ लावून. ते मी इतक्या पटकन केलं की मॅडम हसल्या. म्हणाल्या, "टर्नर ना तुम्ही?" दुसऱ्या बैठकीत वाचन. एका कागदावर पाचवीतल्या मुलाला यावा असा उतारा. मी ३९ वर्षांचा, हाताखाली २२ माणसं, आणि 'निश्चित' या शब्दावर थांबलोय. ती पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी, बोलताना नंतर. तिथे मी दर वेळी दारात चप्पल अडकल्यासारखा अडकतो. मग अर्थ नसलेले बनावट शब्द वाचायला दिले. तिथे अंदाजाने धकवता येत नाही. मला घाम आला होता आणि पंखा चालू होता.

मॅडमनी एक गोष्ट खरी सांगितली. चाचण्या मुलांसाठी आहेत. बेंगळुरूच्या निम्हान्सची जी चाचणी सगळीकडे वापरतात तिचा वरचा टप्पा ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाची चाचणी आणली, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. म्हणजे मराठी वाचणाऱ्या मुलाला मराठीतच तपासायची सोय झाली. पण तीही पहिली ते पाचवीची. "तुमच्यासाठी मला याच गोष्टी वापरून, बाकी तुमच्या बोलण्यावरून आणि वहीवरून मत द्यावं लागेल," असं त्या म्हणाल्या. मला ते आवडलं. आमच्याकडेही मोजायचा गेज नसला की आम्ही तसं लिहून ठेवतो.

वेटिंगमध्ये एक आयटीतला मुलगा भेटायचा, त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास. त्याचं नाव त्या २१ च्या यादीत वेगळं असं नाहीच. माझं निदान यादीत तरी आहे.

रिपोर्ट आला नऊ पानांचा. तो घेऊन मी नोव्हेंबरमध्ये एचआरच्या मॅडमकडे गेलो, तोंडीच. त्या चांगलं बोलल्या, पण म्हणाल्या, "तुम्ही यूडीआयडी कार्ड आणा, मग आपण बघू." म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. मी हो म्हणून आलो. माझी सगळ्यात महाग चूक हीच. पुढचे तीन महिने कार्डाच्या मागे गेले, आणि त्या कामाला कार्ड लागतच नव्हतं.

तरी कार्डाचं सांगतो. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज ऑनलाइन भरायचा असतो: आधार, फोटो, सही, पत्ता, दिव्यांगत्वाचा प्रकार, कुठल्या रुग्णालयात तपासणी हवी ते. पैसे पडत नाहीत. दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली असेल तर पांढरं कार्ड, त्यावर पिवळं, ८० टक्के आणि पुढे निळं. अर्जाला अडवलं ते कॅपचाने. वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहा, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे कळेल. सात वेळा मी माणूस ठरलो नाही. आठव्यांदा मुलीने भरला, ती सहावीत आहे. पावतीचा फोटो काढून ठेवा आणि अर्ज क्रमांक कुणाला तरी पाठवून ठेवा, तो प्रत्येक खिडकीवर विचारतात.

जानेवारी २०२४ मध्ये सरकारी रुग्णालयात पहिली फेरी. तपासणारा डॉक्टरांचा बोर्ड ठरावीक वारीच बसतो, आमच्याकडे बुधवारी. सुट्टी टाकून गेलो. खिडकीवरच्या ताई म्हणाल्या, "पेशंट कुठंय?" मी म्हटलं, मीच. "नाही हो, ज्याचं एलडीचं (अध्ययन अक्षमतेचं) सर्टिफिकेट काढायचंय ते मूल." मला बालरोग विभागात पाठवलं. तिथल्या भिंतीवर जिराफ, बाकावर आया, त्यांच्या मांडीवर पोरं, आणि मधे मी फाइल घेऊन. समोरचा एक मुलगा, असेल आठ-नऊ वर्षांचा, मला म्हणाला, "काका, तुमचा पोरगा आत आहे का?" मी हो म्हणालो. खोटं बोललो, पण फार खोटं वाटलं नाही.

डॉक्टर सभ्य होते. हे सर्टिफिकेट मुलांना दहावी-बारावीच्या सवलतींसाठी काढतात, मोठ्यांचं इथे कधी केलेलं नाही, मोठ्या रुग्णालयात पाठवतो, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली. दुसरी फेरी मोठ्या रुग्णालयात, तारीख पडली. तिसरी फेरी त्या तारखेला, सायकॉलॉजिस्ट रजेवर. चौथ्या फेरीत तपासणी झाली, पुन्हा उतारा, पुन्हा 'निश्चित'सारखंच काहीतरी. तीन महिन्यांत चार सुट्ट्या आणि प्रवास-झेरॉक्सचे साधारण अकराशे रुपये. निदानाचा कागद मिळाला. कार्ड नाही.

फेब्रुवारीत, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या मधे, मी सायकॉलॉजिस्ट मॅडमना फोन करून रडगाणं गायलो. त्यांनी विचारलं, "कार्ड कशासाठी हवंय तुम्हाला?" मी म्हटलं, एचआरने मागितलंय. मग त्यांनी समजावलं. ४० टक्क्यांची अट आहे ती आरक्षणासारख्या गोष्टींना. कामाच्या जागी वाजवी सोय, म्हणजे अडचणीपुरता कामाच्या पद्धतीत बदल मागायला ती अट २०१६ च्या कायद्याच्या व्याख्येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात हेच म्हटलं. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, लेखनिक नाकारला होता, कारण तो ४० टक्क्यांच्या चौकटीत बसत नव्हता. न्यायालयाने लेखनिक द्यायला सांगितलं. ते प्रकरण परीक्षेचं आहे, कारखान्याचं नाही, पण मुद्दा तोच.

दुसरं त्यांनी सांगितलं ते त्याच कायद्याच्या कलम २१ चं: प्रत्येक आस्थापनेने, खासगी असली तरी, समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर त्यात या कामासाठी एक संपर्क अधिकारीही नेमलेला हवा. मी कॅन्टीनच्या नोटीस बोर्डावर शोधलं. होतं! किमान वेतनाच्या तक्त्याखाली, इंग्रजीत, पिवळं पडलेलं. गूगल लेन्सने फोनला वाचायला लावलं. संपर्क अधिकारी म्हणून ज्यांचं नाव होतं ते साहेब दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेले होते. (सरकारी नोकरीत असाल तर तुमची बाजू आणखी भक्कम आहे, वाजवी सोय द्यायला सांगणारं कलम २० थेट लागू होतं. आमच्यासारख्यांना धोरणाचा कागद धरूनच चालावं लागतं.)

मग अर्ज लिहिला, या वेळी मेलवर. पहिला मसुदा बायकोने केला. चांगला होता, पण वाचून मलाच माझी कीव आली: लहानपणापासून त्रास, कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, वगैरे. मी म्हटलं, हे खोड. आमच्याकडे एकच चूक तीनदा झाली की आपण ऑपरेटरला शिव्या घालत बसत नाही, जॉब धरणाऱ्या फिक्श्चरला एक पिन मारतो, म्हणजे जॉब उलटा बसतच नाही. पोका-योके म्हणतात त्याला, चाकण-भोसरीत पोरासोरांना ठाऊक असतं. मला सहानुभूती नको, पिन पाहिजे.

म्हणून मी जूनच्या घटनेचा व्हाय-व्हाय पुन्हा केला. हीट नंबर का चुकला? उलटा लिहिला म्हणून. उलटा का लिहिला? तोंडी ऐकून लिहिला. तोंडी ऐकून का चुकला? जोडीने उच्चारला, आणि मराठीत जोडीत एकक आधी येतो. हिंदीतही तेच. आमची यूपी-बिहारची पोरं तिरसठ म्हणतात, तीन आधी. नंबर हाताने का लिहावा लागतो? बारच्या टॅगवर कोड आहे, पण आमच्या लाइनला स्कॅनर नाही. शेवटच्या रकान्यात 'दुर्लक्ष' लिहायला जागाच उरली नाही.

त्याखाली मागण्या चार. हीट नंबर स्कॅनरने घ्यावा. स्कॅनर येईपर्यंत आणि बिघडला तर नंबर एकेक आकडा करून सांगावा. शिफ्टचा चार्ज देताना मी व्हॉइस नोट करीन, रजिस्टरमध्ये सेटर उतरवेल आणि मी सही करीन. लांब मेल आला तर कॉम्प्युटरला मोठ्याने वाचायला लावण्यासाठी हेडफोन वापरायची परवानगी, ऑफिसात, शॉप फ्लोअरवर नाही. निदानाचा उल्लेख एका ओळीत.

नऊ पानी रिपोर्ट मी जोडला नाही, आणि तुम्हीही जोडू नका. त्यात बुद्ध्यांक असतो, घरचं असतं, लहानपणी कुणी मारलं ते असतं. एचआरला त्याची गरज नाही. सायकॉलॉजिस्ट मॅडमकडून एक पानाचं पत्र वेगळं मागून घेतलं: निदान, आणि कामात काय बदल हवेत. रिपोर्टच्या वेळीच मागा, मला त्यासाठी परत ५०० रुपये पडले.

मेलच्या शेवटी पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाचा उल्लेख करायचा का, यावर घरात दोन दिवस वाद झाला. बायको म्हणाली, आधीच काठी दाखवू नका. नाही दाखवली.

मेल गेला ४ मार्चला. तीन आठवडे काही नाही. त्या तीन आठवड्यांत मी रोज विचार करायचो की आता परत मशीनवर पाठवणार. खरं सांगायचं तर अर्धं मन त्याला तयार होतं. मग फॅक्टरीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. "दिसत तर काही नाही," ते म्हणाले. मशीनवर सुरक्षित आहेस ना, विचारलं. मी म्हटलं, १९ वर्षं बोटं दहाच्या दहा आहेत. त्यांनी फिटनेस दिला.

१६ एप्रिलला मीटिंग. एचआर, प्लांट हेड, क्वालिटीचे साहेब. सहानुभूतीची भीती होती, ती कुणी दाखवली नाही. व्हाय-व्हायचा कागद क्वालिटीच्या साहेबांनी हातात घेतला आणि विचारलं, "जूनच्या आधी अशा किती झाल्या?" त्यांनीच रेकॉर्ड काढायला लावलं. आकडे उलटे झाल्याच्या आणखी नोंदी निघाल्या, आणि त्या सगळ्या माझ्या नव्हत्या. तीन शिफ्टमध्ये, वेगवेगळ्या हातच्या. स्कॅनर मंजूर झाला, २,८०० रुपयांचा. हेडफोनवर थोडी खळखळ झाली. रजिस्टरचं एचआरला पटेना, "मग सुपरवायझर काय करणार?" असा प्रश्न आला. प्लांट हेड म्हणाले, "तो लाइनवर उभा राहणार. त्यासाठीच केलंय त्याला." तीन महिने करून बघू असं ठरलं. त्या तीन महिन्यांनंतर कुणी विषय काढला नाही, तेव्हा चालूच आहे. संपर्क अधिकाऱ्याचं नाव मात्र बोर्डावर बदललं, मे महिन्यात.

एकेक आकडा सांगायची सवय लावणं सगळ्यात अवघड गेलं. पोरं हसली. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' आलं तेव्हा व्हॉट्सअॅपवर जे विनोद फिरले ते मीही चवीने पुढे ढकलले होते, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. स्टोअरचा मुलगा मुद्दाम ओरडायचा, "दादा, सहा! तीन! एक! आठ! ऐकू आलं का दादा?" मी ओरडायचो, "आलं! परत एकदा सांग!" महिनाभराने त्याचं ओरडणं बंद झालं आणि आकडे तेवढे राहिले.

अजूनही चुका होतात. गेल्या महिन्यात एका ग्राहकाच्या साहेबांचं आडनाव मेलमध्ये असं लिहिलं की अर्थाचा अनर्थ झाला. फोन करून माफी मागितली, त्यांनी हसून सोडून दिलं. कार्डाचा अर्ज पोर्टलवर अजून प्रलंबित दाखवतोय. पंधरा दिवसांतून एकदा मुलगी कॅपचा भरून बघते.